खोट्या कळा, खऱ्या कळा आणि नवऱ्याची मोजणी

दिवस भरत आले की खोट्या कळा येतात, म्हणजे बाळंतपण सुरू न होताच येणाऱ्या. पोट मधूनच कडक होतं, सैल पडतं. पाणी प्यायलं, कूस बदलली, जरा पडून राहिलं की जातात.

घोळ होतो तो खऱ्या कळा ओळखताना. साताऱ्यात लेबर रूमला रात्रपाळी करते. दारात गाडी थांबली की नवऱ्याला पहिला प्रश्न, "कळा किती मिनिटांनी येतायत?" उत्तर ठरलेलं, "लई दुखतंय ओ सिस्टर." दुखण्यावर जाऊ नका. खोटी कळही चांगली दुखते, आणि खरी सुरुवातीला नुसती पाळीतल्यासारखी वाटू शकते. बघायची ती कळांची चाल. खऱ्या कळा बहुतेकदा कमरेतून पोटाकडे येतात, चालून-झोपून थांबत नाहीत, आणि जास्त वेळ टिकत, जोर धरत, एकमेकींच्या जवळ येत जातात.

मोजायला बसलेले नवरेही चुकतात. कळ ओसरल्यापासून पुढची येईपर्यंत मोजतात. तसं नाही. एक सुरू झाली तिथपासून दुसरी सुरू होईपर्यंत. दोनला आलेली कळ मिनिटभर राहिली आणि पुढची दोन-पाचला आली, तर अंतर पाच मिनिटांचं, चारचं नव्हे. तळहात तिच्या पोटावर, बेंबीच्या वर ठेवा. कडक व्हायला लागलं की वेळ लिहा, सैल पडलं की पुन्हा लिहा. एकानं कालनिर्णयच्या पानामागं पेन्सिलीनं दोन रकाने पाडून आणले होते. मला तेच आवडतं. मोबाइलमधलं ॲप नको. एक हात तिच्या कमरेवर हवा, तो स्क्रीनवर जातो.

पहिलटकरणीला तासभर दर पाच मिनिटांनी मिनिटाची कळ आली की निघा. हा हिशेब साताऱ्यातच राहणाऱ्यांसाठी. बामणोलीकडून किंवा पाटणच्या वाड्यांतून, लांबून येणाऱ्यांनी आणि दुसऱ्या खेपेला इतकं थांबू नये. रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ आधीच लावा.

पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा ३७ आठवड्यांआधीच कळा लागल्या, तर मोजू नका, निघा. पाणी गेलं असेल तर रंग बघून ठेवा. हिरवट असेल, तर दारातच सांगा.