बिल आणि हनी : नावाचे लघुरूप वेगळे, लाडाचे संबोधन वेगळे

विल्यमला बिल म्हणणे आणि नवऱ्याला हनी म्हणणे या दोन्ही गोष्टी मराठी माणूस सहसा ‘लाडाने हाक मारणे’ या एकाच खात्यात टाकतो. इंग्रजीत मात्र ही दोन खाती वेगळी आहेत. बिल हे विशिष्ट माणसाचे नाव आहे. हनी हे कोणाचेच नाव नाही, बोलणाऱ्याने समोरच्याशी जोडलेले नाते त्यातून व्यक्त होते. हा भेद वाक्यातही दिसतो. बिल काल भेटला, असे त्याच्या माघारी सांगता येते. पण हनी, डार्लिंग, लव्ह हे शब्द मुख्यतः तोंडावर हाक मारण्यासाठीच वापरले जातात आणि दिवसभरात दहा जणांना उद्देशून उच्चारले तरी कोणाला वावगे वाटत नाही.

लघुरूपांचा उगम मोठा रंजक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोजकीच नावे फार प्रचारात होती. एकाच गावात अनेक विल्यम, जॉन आणि रॉबर्ट असत, त्यामुळे त्यांना वेगळे ओळखता यावे म्हणून नावे छाटली गेली आणि छाटलेल्या नावांना यमके जोडली गेली. रॉबचा बॉब, विलचा बिल, रिकचा डिक आणि मेगची पेग अशीच झाली. म्हणून मार्गारेटला पेगी का म्हणतात, हे अक्षरे जुळवून पाहिल्यास कधीच उमगत नाही. एडवर्डचे ‘नेड’ हे रूप तर अधिकच गोड आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझा’ या अर्थी येणाऱ्या ‘माइन’ या शब्दाच्या शेवटचा ‘न’ पुढच्या ‘एड’ला चिकटला आणि ‘माझा एड’चा नेड झाला. म्हणजे या नावात माया होती खरी, पण ती आता इतकी मुरून गेली आहे की नेड म्हणणाऱ्याला तिची जाणीवही नसते.

म्हणूनच लघुरूपाला आज लाडाचे नाव समजणे चुकीचे ठरते. आपल्याकडे घरातला बंड्या कचेरीच्या कागदावर येत नाही. इंग्रजीत मात्र तो खुशाल येतो. ब्रिटनचे माजी पंतप्रधान अँथनी ब्लेअर जगाला टोनी ब्लेअर या नावानेच माहीत आहेत. जेम्स अर्ल कार्टर यांनी 1977 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथही जिमी कार्टर या नावानेच घेतली. याउलट बिल क्लिंटन यांनी 1993 साली शपथ घेताना विल्यम जेफरसन क्लिंटन हे पूर्ण नाव उच्चारले. कोणते रूप कुठे वापरायचे हे नाव धारण करणाराच ठरवतो, आणि बाहेरच्या माणसाने पाळायचा नियमही यातूनच निघतो : ज्याने स्वतःची ओळख रॉबर्ट अशी करून दिली, त्याला आपण होऊन बॉब म्हणणे हा आगाऊपणा आहे. शंका असल्यास तो ईमेलखाली कोणते नाव लिहितो ते पाहावे आणि तेच वापरावे.

लाडाच्या संबोधनांना अशी परवानगी बहुधा लागत नाही. तिथे प्रदेश, वय आणि प्रसंग बोलतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम किंवा डर्बीमध्ये दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला ‘मी डक’ (म्हणजे ‘माय डक’, माझ्या बदका) म्हणतो, मग ते गिऱ्हाईक मिशाळ गृहस्थ का असेना. यॉर्कशरमध्ये ‘लव्ह’, न्यूकॅसलकडे ‘पेट’, ग्लासगोत बायकांना ‘हेन’ आणि ब्रिस्टलच्या बाजूला चक्क ‘माय लव्हर’ असे ऐकू येते. मंडईतली मावशी ‘घे रे राजा’ म्हणते तेव्हा आपण सिंहासन शोधत नाही, तसेच इथेही प्रेम शोधू नये. पत्राच्या आरंभीचे ‘डिअर’ तर इतके गुळगुळीत झाले आहे की थकबाकीची नोटीसही त्याच शब्दाने सुरू होते.

तरीही हेच शब्द जागा बदलली की बोचतात. काउंटरवर सहज वाटणारे ‘स्वीटहार्ट’ बैठकीत वरिष्ठ पुरुषाने कनिष्ठ स्त्रीला म्हटले, तर त्यातून तिला कमी लेखल्याचाच अर्थ निघतो आणि तिने हरकत घेणे रास्त असते. परक्या मुलखातून आलेल्याने ही संबोधने ऐकून घ्यावीत, त्यांना हसून प्रतिसाद द्यावा, पण स्वतः वापरण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. उच्चार उसना आणि शब्द गावरान, हा मेळ कानाला खटकतो.

या दोन्हींच्या मधोमध बसणारे, खऱ्या अर्थाने लाडाचे असे घरगुती नाव इंग्रजीत असतेच. राणी एलिझाबेथ दुसरी हिला लहानपणी स्वतःचे नाव नीट उच्चारता येत नसे. ती म्हणे ते ‘लिलिबेट’ घरच्यांनी उचलले, आणि ते जवळच्या मंडळींपुरतेच राहिले. तिच्या दरबारात वावरणाऱ्या कोणी ते तोंडावर उच्चारणे अकल्पनीय होते. 2021 साली तिचा नातू हॅरी याला मुलगी झाली, तेव्हा हेच नाव त्या मुलीचे अधिकृत नाव म्हणून ठेवले गेले. खुद्द हॅरीचे दाखल्यावरचे नाव मात्र हेन्री आहे.