खिळ्याविना फळी

मातीच्या भिंतीत खिळा दोन ठोक्यांत आत जातो. त्याला पिशवी टांगली की तो तितक्याच सहज बाहेर येतो आणि येताना बोटभर पोपडा घेऊन येतो. वऱ्हाडात काय किंवा झाडीपट्टीत काय, जुन्या कवेलूच्या घरात राहिलेल्याला हे नव्यानं सांगावं लागत नाही. नवं घर राखेच्या विटांचं असेल तर ड्रिल चालतं, पण ते घर भाड्याचं असलं तर घरमालकाचा चेहरा चालत नाही. तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणारे मास्तर, नर्सबाई, बँकेतली नवी पोरं यांना पहिल्याच दिवशी तंबी मिळते, "भिंतीले भोक नाही पाडाचं." आणि घर स्वतःचं, पण घरकुलाचं असलं तर अडचण जागेची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर. एवढ्यात कपाट कुठे ठेवणार?

दोन भिंतींमध्ये मात्र जागा असते. दाराच्या मागे, मोरीच्या बाजूला, दोन खोल्यांमधल्या तीन-चार फुटांच्या बोळात. तिथे एक फळी नुसत्या दाबावर बसवायची, खिळा नाही, स्क्रू नाही, सिमेंट नाही. हे जमतं. पण बहुतेक जण ते चुकीच्या बाजूनं करायला जातात. फळी जितकी घट्ट ठासू तितकी ती टिकेल असं त्यांना वाटतं आणि इथेच गडबड होते.

आधी ती फळी टिकते कशी ते पाहू. भिंतीवर दाबलेली वस्तू खाली घसरत नाही ती घर्षणामुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ गिओम आमोंतों यानं १६९९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे याचा नियम मांडला: घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये हे त्याच्याही दोनशे वर्षं आधी नोंदलेलं होतं, पण वह्या कुणी वाचल्या नाहीत. दाबाच्या किती हिस्सा घर्षण मिळेल ते सांगणारा आकडा म्हणजे घर्षणांक. कोरड्या सिमेंटवर रबर असेल तर तो ०.६ च्या पुढे जातो. पण आपल्या भिंतीवर चुना असतो, डिस्टेंपर असतो, धूळ असते. हिशेबाला ०.४ धरलेला बरा.

आता समजा फळीवर २० किलोचे डबे ठेवायचे आहेत. टोकं दोन, म्हणून प्रत्येकाला १० किलो आले असं मन लगेच म्हणतं. पण डबे काय मधोमध मांडून ठेवले जातात? तांदळाचा मोठा डबा डाव्या कोपऱ्यात जातो आणि मग जवळजवळ सगळा भार डाव्या भिंतीवर येतो. त्यामुळे प्रत्येक टोकाला पूर्ण २० किलो पेलता आले पाहिजेत. २० भागिले ०.४ म्हणजे ५० किलोचा आडवा दाब. पोरानं धक्का दिला, बाहेरून ट्रॅक्टर गेला, शेजारी पिठाची चक्की हादरली, याची सोय म्हणून तो दुप्पट करू. १०० किलो झाले. हे फळीखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या जाणाऱ्या एका दांड्यानं नाही, पुढे एक आणि मागे एक अशा दोन दांड्यांनी द्यायचे, प्रत्येकी ५०. एकच दांडा ठेवला तर फळी त्याच्याभोवती गिरकी घेते आणि डबे पायावर येतात.

५० किलोचा दाब द्यायला पहिलवान लागत नाही. दांड्याच्या टोकाला १० मिलिमीटरचा बोल्ट आणि नट लावला तर बोटांनी करकचून पिळलं तरी साधारण तेवढा दाब तयार होतो. पाना लावला की मात्र गोष्ट हाताबाहेर जाते. वीतभर पान्यावर पाच-सहा किलोचा जोर दिला की तोच बोल्ट सहज ४०० किलोनं भिंत ढकलतो, आणि हाताला काही विशेष केल्यासारखं वाटतही नाही. साडेचार इंची आडभिंत वरून येणारं वजन छान पेलते, पण बाजूनं ढकललेलं तिला सोसत नाही. विटांच्या सांध्यात ताण घ्यायची ताकद फार थोडी. अशा भिंतीच्या मधोमध छातीच्या उंचीवर १०० किलोसुद्धा जास्तच. दाब द्यायचा तो कोपऱ्याजवळ द्यावा, जिथे दुसरी भिंत तिला मागून धरून असते. नाहीतर दीड फुटी जाड भिंत गाठावी.

आता खरी गोम. फळी बसवली, हलवून पाहिली, पक्की निघाली. सहा महिन्यांनी एका रात्री धाडकन आवाज. फळीवर ना वजन वाढलं, ना कुणी हात लावला. मग झालं काय?

भिंती हलल्या.

अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा इथली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याच्या कणांची रचना पापुद्र्यांची आणि या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आक्रसते. मे महिन्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन पावसांत त्या मिटतात, त्याचं कारण हेच. घराचा पाया उथळ असेल तर तोही या मातीबरोबर वर-खाली होतो, आणि सगळीकडे सारखा होत नाही. घराच्या कडेची माती लवकर भिजते नि लवकर वाळते, मधली कोरडीच राहते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर उन्हाळ्यात रुंद होते आणि पोळ्याच्या सुमारास जवळजवळ दिसेनाशी होते, हे आपल्याकडे घरोघरी बघायला मिळतं. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर असलेले खास पाये विकसित केले ते अशाच मातीसाठी. मोठ्या इमारतींना ते परवडतात. आपल्या घराला नसतात, म्हणून आपल्या दोन भिंतींमधलं अंतर वर्षभरात एखाद्या मिलिमीटरनं इकडचं तिकडे होणं काही नवल नाही.

एक मिलिमीटर म्हणजे किती कमी, असं वाटेल. दांडा म्हणून चार फुटी, इंचभर व्यासाचा लोखंडी पाइप घ्या. ५० किलोच्या दाबाखाली तो आखडतो किती? मिलिमीटरचा चाळिसावा भाग, केसाच्या जाडीहूनही कमी. म्हणजे त्याच्यात साठलेला सगळा दाब तेवढ्याशा आखडण्यात आहे. भिंत केसभर मागे सरली की ५० किलोचे शून्य किलो झाले. माती हलायची गरजसुद्धा पडत नाही, थंडी पुरे. लोखंड तापमानाच्या दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत १२ भाग बदलतं. मे महिन्यातल्या दुपारी बसवलेला पाइप पौषातल्या पहाटे सुमारे ३० अंशांनी थंड होतो आणि चार फुटांत ०.४ मिलिमीटरनं आखूड होतो. विटांची भिंतही थोडी आखडते, पण लोखंडाच्या निम्मीच. उलट थंडीत ठासून बसवलेला पाइप उन्हाळ्यात भिंतीलाच रेटतो. अजून घट्ट करा, हा सल्ला म्हणूनच कुचकामी. दाब दुप्पट केला तरी तो केसाऐवजी दोन केसांवर संपतो, भिंतीचं नुकसान मात्र दुप्पट.

हवी ती स्प्रिंग. ५० किलोला ५ मिलिमीटर दबेल अशी स्प्रिंग पाइपच्या टोकाला बसवली तर भिंत एक मिलिमीटर मागे गेल्यावरही ४० किलो दाब शिल्लक राहतो. पाइप तोच, दाब तोच, फक्त तो दाब आता लांबलचक दबण्यात साठवलेला आहे. रेल्वेनं हाच धडा रुळांवर गिरवला. पूर्वी रूळ स्लीपरला खिळ्यांनी ठोकलेले असत, गाड्यांच्या हादऱ्यांनी ते सैल होत. पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेच्या अभियंत्यानं १९५७ च्या सुमारास वाकवलेल्या पोलादी सळईची क्लिप काढली. ती रुळाला सतत दाबून धरते, रूळ थोडा हलला तरी दाब सोडत नाही. मूर्तिजापूर असो की बडनेरा, फलाटाच्या टोकाला उभं राहून रुळाकडे बघितलं की अशा प्रकारच्या वळणदार क्लिपा दिसतात.

बाजारात पडद्यासाठी मिळणाऱ्या दांड्यात स्प्रिंग असते खरी, पण ती पडद्यापुरतीच. तिच्यावर डबे ठेवू नयेत. घरगुती उपाय जाड रबराचा. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या जाड भागाचा दोन-अडीच इंच चौरस, पाऊण-एक इंच जाडीचा तुकडा ५० किलोखाली साधारण मिलिमीटरभर दबतो. दोन्ही टोकांना एकेक लावला की दोन मिलिमीटरची बेगमी झाली. सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा घसरण रोखतो, पण दबायला त्याच्यात काही नसतंच. ट्यूब वापरायचीच तर एक बारीक गोष्ट. नव्या-जुन्या सगळ्या ट्यूबना आतून शंखजिऱ्याची पांढरी पावडर लावलेली असते, रबर रबराला चिकटू नये म्हणून. ती बाजू भिंतीला लावली तर आपणच वंगण लावल्यासारखं होतं. साबणानं धुऊन, वाळवून मग लावा. भिंतही ओल्या फडक्यानं पुसा. चुना हाताला लागत असेल तर रबर कितीही चांगलं असलं तरी घसरणारा थर चुन्याचाच आहे.

रबराला एक खोड आहे. दाबून ठेवलं की ते हळूहळू मऊ पडतं, दाब उतरतो. यातली बरीचशी उतरण पहिल्या दिवसातच होते. म्हणून बसवल्यावर चोवीस तासांनी नट पुन्हा बोटांनी पिळायचा.

मातीच्या भिंतीत आणखी एक पेच. तिचा सारवलेला थर दाबाखाली चुरतो. आमोंतोंच्या नियमानं क्षेत्रफळ वाढवून घर्षण वाढत नाही, हे खरं. पण भिंत वाचते. ५० किलो दोन इंची चौकोनावर दिले तर दर चौरस सेंटीमीटरला दोन किलो, आणि तेच वीतभर रुंद, फूटभर उंच पाटीवर पसरले तर शंभर ग्रॅमच्या आत. मातीच्या भिंतीला अशी लाकडी पाटी द्यावीच, रबर तिच्या आणि भिंतीच्या मध्ये. या भिंतींचा एक फायदाही आहे. त्या खाली जाड नि वर निमुळत्या असतात, त्यामुळे दोन भिंतींमधलं अंतर वर जाताना किंचित वाढतं. फळी चुकून खाली सरकली तर अरुंद जागेत जाते आणि पुन्हा आवळली जाते. पाटी मात्र भिंतीच्या उताराला जुळवून तासलेली हवी.

गावचा वाढई हे सगळं ऐकून घेईल आणि शांतपणे पाचर काढेल. पाचर वाईट नाही. दहास एक उताराच्या दोन पाचरी उलटसुलट एकमेकींवर सरकवल्या की बाहेरच्या बाजू समांतर राहतात, आणि पाचर सेंटीमीटरभर आत गेली की जाडी मिलिमीटरभर वाढते. इतक्या कमी उताराला ती आपणहून मागे सरकत नाही. अडचण हवेची. मेच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी की लाकडातली ओल पाच-सहा टक्क्यांवर येते, श्रावणात ती पंधराच्या पुढे जाते. लाकूड तंतूंच्या दिशेनं फार थोडं बदलतं, पण आडवं चांगलंच फुगतं. दहा इंच रुंद सागवानी फळी वर्षात तीन-चार मिलिमीटरनं रुंद-अरुंद होते. पाचर आडवी दाबलेली असते, फुगायला जागा नसते, मग तिचे तंतू चिरडतात. उन्हाळ्यात ती आक्रसते तेव्हा पूर्वीच्या मापाहूनही बारीक होते. कुऱ्हाडीचा सैल दांडा रात्रभर पाण्यात ठेवला की सकाळी घट्ट होतो आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त हलतो, ते याच कारणानं. पाचर मारायची तर होळीनंतर एकदा ठोकायची आठवण ठेवावी.

फळीची जाडीही कमी करू नये. मध्ये वाकलेल्या फळीची टोकं तिरकी होतात आणि रबराच्या एका कडेवर सगळा दाब येतो. १८ ऐवजी २५ मिलिमीटर जाडी घेतली तर वाक निम्म्याहून कमी होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो.

मला विचाराल तर २० किलोच्या पुढे नुसत्या दाबावर जाऊ नये. त्यापेक्षा फळीच्या दोन्ही टोकांना जमिनीपर्यंत उभ्या पट्ट्या द्याव्यात. मग वजन जमीन घेते, आणि भिंतींकडे काम उरतं ते फक्त मांडणी पुढे कलू न देण्याचं. त्याला दहा-पंधरा किलोचा दाब पुरतो, आणि सगळा वरचा हिशेब सोपा होतो. तेलाचे पिंप, धान्याची कट्टी असल्या गोष्टींना हाच मार्ग. उभ्या पट्टीखाली फरशीचा तुकडा ठेवावा, लाकूड मातीला टेकलं की उधई त्यातूनच चढते.

माप घेताना टेपवर विसंबू नका. भिंती समांतर नसतातच. दोन काठ्या एकमेकींना लावून धरा, दोन्ही टोकं भिंतींना टेकेपर्यंत सरकवा आणि जोडावर पेन्सिलची खूण करा. पुढे, मागे, वर, खाली असं चार ठिकाणी. बसवल्यावर फळीच्या दोन्ही टोकांखाली भिंतीवर बारीक रेघ ओढा आणि पाण्याचे कॅन ठेवा, लिटरला किलो. ठरवलेल्या वजनाच्या दुप्पट, आणि सगळे एकाच टोकाला. दोन दिवस तसंच राहू द्या, खाली कुणाला झोपू देऊ नका. मग कॅन दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा दोन दिवस. टोक रेघेखाली अर्धा मिलिमीटर जरी उतरलं असेल तर डबे वर चढवायचे नाहीत. आधी भिंत पुसायची, रबर जाड करायचं, आणि पाना पेटीतच राहू द्यायचा.