फीडबॅक फॉर्म भरला, पुढं काय?

पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत सबमिशनच्या गडबडीत सीआर (वर्गाचा प्रतिनिधी) ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकतो, 'आजच भरा रे, नॅकला लागतंय' (नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था), आणि पोरं कॅन्टीनमध्ये बसल्याबसल्या सगळ्या सर-मॅडमना ओळीनं ५ पैकी ५ ठोकून मोकळी होतात. तिकडं स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य, जो पेपर सोपा काढतो त्याला पोरं मार्क देतात. खरं सांगायचं तर असल्या फॉर्मवर दोघांचाही विश्वास नाही, आणि ते अगदीच चूक नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन कोर्सचा अभ्यास छापून आला. शिकवणारे तेच, फक्त काही गटांना बाईचं नाव सांगितलं, काहींना पुरुषाचं. तपासलेला गृहपाठ सगळ्यांना एकाच वेळी परत मिळाला, तरी वेळेवर काम करण्याबद्दल पुरुषाच्या नावाला ५ पैकी ४.३५ आणि बाईच्या नावाला ३.५५!

२०१९ चा हार्वर्डचा प्रयोग तर अजून भारी. फिजिक्सच्या वर्गात ज्यांनी गटात बसून डोकं खाजवत गणितं सोडवली त्यांना टेस्टमध्ये जास्त मार्क पडले, पण 'जास्त शिकलो' असं वाटलं ते मस्त लेक्चर नुसतं ऐकणाऱ्यांना, कारण झगडावं लागलं की आपल्याला येत नाही असंच वाटतं. म्हणजे फॉर्म सांगतो काय वाटलं ते, काय शिकलं ते नाही.

मग विचारायचंच नाही का? विचारायचं, पण सेमिस्टर अर्धं असताना, आणि आकड्यात नाही, चिठ्ठीवर शब्दांत. समजा, एका चिठ्ठीवर येतं, 'सर बोर्ड पुसतात तेव्हा आम्ही दुसऱ्याच ओळीवर असतो.' पुढच्या लेक्चरला सर म्हणतात, पुसायच्या आधी फोटो काढा, पण युनिट कमी करणं माझ्या हातात नाही, सिलॅबस विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. पोरांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं, आणि सरांना मागच्या बाकावरून काय दिसतं ते. १९८० च्या एका आढाव्यातही दिसलं की मधेच फीडबॅक मिळाला तर शिकवणं थोडं सुधारतं, आणि तो कुणा जाणकारासोबत बसून वाचला तर बरंच जास्त.

फक्त एक घोळ आहे, पोरांचं अक्षर सर ओळखतात आणि इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात. त्यामुळं चिठ्ठ्या दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मॅडमनी गोळा कराव्यात आणि टाईप करूनच सरांना द्याव्यात.