आधी भिंत मोजा, मग चित्र निवडा
(जुनी छापील चित्रं, त्यांच्या नव्या प्रती आणि फ्रेमिंगसाठी येणाऱ्या ग्राहकांना)

दुकानात पाऊल टाकताच विचारला जाणारा प्रश्न असतो, "ओरिजिनल आहे का?" आणि फ्रेम न्यायला आल्यावर विचारला जाणारा, "जरा कापून बसवता येईल का?" दुसऱ्या प्रश्नात आमचा जास्त वेळ जातो, म्हणून त्याचं उत्तर आधी.

रविवर्मा प्रेसच्या जुन्या चित्रांचा नेहमीचा कागद १४ बाय २० इंचांचा. शोकेस आणि दाराच्या चौकटीमधली मोकळी जागा १७ इंच भरते, चित्र १४ इंच रुंद आहे, म्हणजे बसणारच, असं समजून ऑर्डर दिली जाते. पण चित्र तसंच भिंतीवर लागत नाही. चारी बाजूंनी अडीच इंचांचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड, धरला की रुंदी १९ होते. त्यावर फ्रेमची एक इंची पट्टी, म्हणजे बाहेरचं माप २१ बाय २७. हे फ्रेम तयार झाल्यावर घरी कळतं, आणि मग कात्रीची गोष्ट निघते.

जुन्या चित्राचा समास आम्ही कापत नाही. चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव बहुधा त्या खालच्या पांढऱ्या पट्टीतच असतं. ती गेली की चित्र कुठल्या छापखान्याचं हे सांगायला काही उरत नाही, विकायला गेलात तर किंमत पडते, आणि एवढं करून जागा वाचते जेमतेम इंचभर. "मग माउंटच नको" असंही सुचवलं जातं. माउंट शोभेसाठी असतो तसा काच आणि कागद यांच्यात अंतर राहावं म्हणूनही असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा धरतो. जुन्या ओलिओग्राफवर (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रावर) वॉर्निश असतं, ते काचेला चिकटलं की सोडवताना रंगाचे पोपडे निघतात. असं चिकटलेलं चित्र घरी ओढून काढू नका, फ्रेमसकट आणा.

लॅमिनेशन आणि हार्डबोर्डवर डकवणं यांनाही आमच्याकडे नकारच मिळेल. चार दुकानं पुढे हे काम स्वस्तात होतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. एकदा डकवलेला कागद पुन्हा सुटा होत नाही, एवढंच सांगतो.

आता ओरिजिनलचं. ही चित्रं मुळातच छापलेली आहेत. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांनी तो विकल्यावरही नव्या मालकाने छपाई सुरूच ठेवली. त्यामुळे समासात 'रविवर्मा प्रेस' दिसलं म्हणजे चित्र रविवर्म्यांचंच, किंवा त्यांच्या हयातीतलं, असं होत नाही. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची चित्रं त्याहून आधीची असू शकतात, कारण ती संस्था १८७८ ची. माळ्यावर सापडलेल्या तसबिरीत दोन्हींपैकी काहीही निघू शकतं.

काउंटरवर भिंग ठेवलेलं असतं, ते मागून घ्या. देवीच्या गालावर धरा. जुन्या शिळाछापात ठिपके लहानमोठे, विस्कळीत दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि त्यावरचे ठिपके कारागिराने हाताने दिलेले. ऑफसेटच्या छपाईत तेच ठिपके ओळीने, जाळीसारखे दिसतात. आजच्या डिजिटल प्रतीत बारीक फवारा दिसतो. कागद पिवळा आहे, फ्रेमची लाकडी पट्टी जुनी आहे, यावर जाऊ नका. चहाच्या पाण्यात बुडवलेला नवा कागदही पिवळा होतो, आणि जुन्या फ्रेमा बाजारात सुट्या मिळतात.

आम्ही विकतो त्या प्रत्येक नव्या प्रतीच्या मागे 'पुनर्मुद्रण' असा शिक्का असतो आणि बिलावरही तेच लिहिलेलं असतं. काहींना पाहुण्यांसमोर ते अडचणीचं वाटतं. शिक्का पाठीमागे आहे, पाहुणे फ्रेम उलटून बघत नाहीत.

खरं सांगायचं तर पुष्कळ भिंतींना नवी प्रतच योग्य. देवघरात लक्ष्मी हवी असेल तर जुनं चित्र लावू नका. उदबत्तीचा धूर आणि निरांजनाची काजळी त्यावर बसणार. दुपारचं ऊन थेट येतं ती भिंत, पावसाळ्यात ओल धरणारी पश्चिमेची भिंत, मुलं बॉल खेळतात तो पॅसेज, इथेही नवीच. शिवाय प्रत हव्या त्या मापात निघते, म्हणजे १७ इंचांच्या जागेचा प्रश्नही सुटतो. जुनं चित्र आतल्या कोरड्या भिंतीसाठी ठेवा, आणि मागे कॉर्कच्या गोट्या लावून घ्या, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. गोट्यांचे पैसे आम्ही घेत नाही.

सगळ्या खोलीत देवदेवताच हव्यात असंही नाही. आबालाल रहिमान (निधन १९३१) किंवा आपल्या कोल्हापुरातच जन्मलेले धुरंधर (निधन १९४४) यांच्या चित्रांच्या प्रती हॉलमध्ये फार शोभतात. निवडण्याआधी टाउन हॉलच्या म्युझियममध्ये एक चक्कर मारून आपल्या चित्रकारांची मूळ कामं बघून या. रंगांचा अंदाज मोबाईलवर येत नाही. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात, त्यामुळे हयात किंवा अलीकडे गेलेल्या चित्रकाराचं चित्र नेटवरून उतरवून आणलंत तर आम्ही छापून देणार नाही.

सोफ्यावर लावायचं असेल तर फ्रेमची, किंवा सगळ्या फ्रेमा मिळून होणारी, रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश धरा. उंचीच्या बाबतीत बहुतेक घरांत चित्रं फारच वर, जवळजवळ छताला टेकवलेली असतात. बसल्या बसल्या मान वर न करता दिसलं पाहिजे. समोरच्या भिंतीवर ट्यूबलाइट असेल तर सांगा, काच वेगळी द्यावी लागेल.

येताना भिंतीच्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी इंचांत लिहून आणा, आणि दिवसाउजेडी काढलेला भिंतीचा एक फोटो. फोटोत स्विचबोर्ड आणि पडद्याचा रॉड आला पाहिजे. अॅडव्हान्स घेण्याआधी आम्ही बाहेरच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून देतो. तो घरी भिंतीवर चिकटवा, दोन दिवस राहू द्या, मग फोन करा. पट्टी कापायला त्यानंतरच घेऊ.