दिवसा पट, रात्री नाटक : सिने लेन्स घ्यावी की फोटोची?

सॅमयांग कंपनीच्या ८५ मिमीच्या दोन लेन्स शेजारी ठेवून बघा. एकीवर एफ १.४ लिहिलेलं, दुसरीवर टी १.५. पहिली फोटोची, दुसरी ‘सिने’ म्हणून विकली जाते. नागपूरच्या दुकानात दुसरी हातात देताना ‘भाऊ, पिक्चरवाले हेच वापरतात’ असं सांगतात, आणि आपल्यालाही वाटतं की हिच्या पोटात काही वेगळी काच असणार. काच तीच आहे. याच कंपनीची १४ मिमीची फोटो लेन्स एफ २.८ आहे आणि तिचीच सिने बहीण टी ३.१. स्वस्तातली सिने लेन्स घेताना एवढं आधी पक्कं करा : वरचे पैसे बरेचदा चित्राचे नसतात, लेन्स हाताळण्याच्या सोयीचे असतात. ती सोय तुमच्या कामाची आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

आकडा मात्र का बदलतो? एफचा आकडा निव्वळ मोजमापाचा आहे. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला, समोरून दिसणाऱ्या ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या, व्यासाने भागलं की तो मिळतो. काचेत किती उजेड अडला याचा त्यात हिशोब नाही. टीचा आकडा तो हिशोब करतो. एफ १.४ च्या लेन्समधून ८० टक्के उजेड पार झाला, तर तिचा टी साधारण १.६ येतो. म्हणजे एक्सपोजर टीवरून ठरवायचं आणि मागचं किती धूसर होईल ते एफवरून. एकाच संचातल्या ३५ आणि ८५ दोन्ही टी २.८ वर ठेवल्या तर लेन्स बदलल्यावर उजेड तोच राहायला हवा. फोटोवाल्याला याची फिकीर नसते, त्याचा मीटर सांभाळून घेतो. एका प्रसंगाचे चार शॉट जोडायला बसलेल्या एडिटरला मात्र असते.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटांचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, हंगाम लागतो. गावात दिवसा पट असला की रात्री नाटक आलंच, वडसा म्हणजे देसाईगंजकडच्या एखाद्या मंडळीचं, पहाटेपर्यंत चालणारं. बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात उचलून धरला, त्यामुळे पटाचं शूटिंगही आता उघडपणे मिळतं. एकाच गावात, एकाच दिवसात, दोन्ही लेन्सची परीक्षा होते.

आधी रात्रीचं नाटक. नट मागच्या पडद्याजवळून बोलत बोलत पुढच्या माइकपाशी येतो. फोटोच्या लेन्सची फोकस रिंग जवळपासून अनंतापर्यंत पाव फेऱ्यात, कधी त्याहूनही कमी फिरते. म्हणजे बोटभर हलली की नटाचा चेहरा गेला. त्यात नव्या ऑटोफोकस लेन्सच्या रिंगा बहुतेक नुसत्या विजेच्या. रिंग आणि काच यांच्यात थेट जोडणी नाही, शेवटाला अडकणारा थांबाही नाही. भरभर फिरवली तर फोकस एकीकडे, हळू फिरवली तर दुसरीकडे, त्यामुळे तालमीत केलेली खूण प्रयोगात उपयोगाला येत नाही. सिने लेन्सची रिंग दोनशे-तीनशे अंश फिरते, दोन्ही टोकांना थांबते आणि एका खुणेवर दर वेळी तेच अंतर देते. रिंगेवर ०.८ मापाचे दातेही असतात, फॉलो फोकस, म्हणजे फोकस फिरवायचं बाजूचं चाक, थेट बसतो.

ॲपर्चरचंही तसंच. फोटोच्या लेन्सचं ॲपर्चर टप्प्याटप्प्याने उडी मारतं. रंगमंचावरचा उजेड मावळताना ते रेकॉर्डिंगमध्ये झटक्यासारखं दिसतं. सिने लेन्सची रिंग टकटक न करता सरकते.

आता दिवसाचा पट. बैलजोडी सरळ कॅमेऱ्यावर धावत येते. तीनशे अंशांची रिंग हाताने फिरवता फिरवता जोडी पुढून निघूनही जाते. नाटकात जी चांगली गोष्ट होती तीच इथे आड येते. ऑटोफोकसची साधी फोटो लेन्स इथे निर्विवाद जिंकते. लग्नातही एकट्याने काम करणाऱ्याचं हेच. वरात, हळद, सप्तपदी यांतलं काहीच तुमच्यासाठी दुसऱ्यांदा होत नाही. नवरदेवाच्या मामाला ‘परत एकदा या’ म्हणून बघा!

म्हणून माझं मत सरळ आहे. एकटे असाल आणि पोट लग्नांवर असेल तर सिने लेन्सच्या नादी लागू नका. कॅननच्या ५० मिमी एफ १.८ एसटीएमसारखी १६० ग्रॅमची लेन्स गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यावर, दिवसभर चालते. स्वस्त सिने लेन्सचं अंग धातूचं, बहुतेक अर्ध्या किलोच्या आसपास किंवा जड. कॅमेऱ्याशी तिचा विजेचा संपर्कही नसतो, त्यामुळे बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला फोकल लेंग्थ आपण मेनूत जाऊन सांगावी लागते. विसरलात तर चित्र उलट जास्त डुलतं.

फोकस ओढणारा जोडीदार असेल आणि काम अल्बमच्या गाण्यांचं, लघुपटाचं किंवा नाटकाचं असेल, तर मात्र सिने लेन्स दोघांची डोकेदुखी कमी करते. तरी घेण्याआधी काही गोष्टी बघाव्यात.

एक तर व्याप, म्हणजे लेन्सचं चित्र केवढा सेन्सर झाकतं ते. सिरुईच्या नाइट वॉकर टी १.२, सेव्हनआर्टिझन्सच्या व्हिजन टी १.०५ अशा आकड्यांनी भुरळ घालणाऱ्या लेन्स सुपर ३५ किंवा एपीएस-सी या लहान सेन्सरपुरत्या आहेत. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर कोपरे काळे पडतात आणि कॅमेरा क्रॉप मोडवर, म्हणजे सेन्सरच्या मधल्या भागापुरता, न्यावा लागतो.

दुसरं, माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते ती जोडणी. हंगामात कॅमेरा भाड्याने आणायची वेळ येते आणि कधी सोनी मिळतो, कधी कॅनन. लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर कॅनन ईएफला ४४ मिमी लागतं, सोनी ईला १८. मधल्या २६ मिमीत ॲडॉप्टर बसतो, म्हणून ईएफची लेन्स सोनीवर चढते. सोनीची ईएफवर कधीच चढणार नाही. बॉडी बदलत राहणार असेल तर ईएफ माउंटच घ्या.

ब्रीदिंगबद्दल दुकानदाराचं ऐकू नका, स्वतः बघा. फोकस जवळून लांब नेताना चौकटीच्या कडा आतबाहेर सरकतात का? महागड्या सिने लेन्समध्ये हे जवळजवळ नसतं. स्वस्तातल्या लेन्सची रचना फोटोची असेल तर दोषही फोटोचाच येतो, ‘सिने’ लिहिल्याने जात नाही.

उन्हाचा हिशोब बहुतेक जण लेन्स घेतल्यावर करतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या शूटिंगला शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या दिव्यांच्या लुकलुकीसाठीही तेच बरं. चंद्रपूरकडच्या भर उन्हात आयएसओ १०० वर या शटरला ॲपर्चर एफ २२ पर्यंत दाबावं लागतं. टी २.८ वर यायचं तर सहा स्टॉप उजेड कापायचा (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी ६४ हा काळसर फिल्टर लावायचा. लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारायच्या फिक्या चित्रात, ८०० आयएसओवर असाल तर आणखी तीन स्टॉप. एनडीशिवाय टी १.२ ची लेन्स उन्हात कपाटातच राहते. सिने संचाचा एक खरा फायदा इथे दिसतो : अनेक संचांत पुढचा व्यास सगळ्या लेन्सना एकच, म्हणून एकच फिल्टर सगळीकडे चालतो. फोटोच्या लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या व्यासाचा एनडी घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंगा लावा. दातेरी रबरी पट्टीही वेगळी मिळते, फॉलो फोकसचं काम तेवढ्यात भागतं.

आणि कोणी फारच हात आखडून असेल तर जुनी रशियन हेलिओस ४४-२ बघावी, ५८ मिमी एफ २, एम ४२ चुडीची, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची. तिला ॲपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एकीने मर्यादा ठरवायची आणि दुसरी टकटक न करता सरकते. फोकसही अस्सल यांत्रिक. सिने लेन्सच्या निम्म्या सोयी फुकटात. मात्र वापरलेली लेन्स घेताना मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. पावसाळ्यात बंद पेटीत पडून राहिलेल्या काचेत बुरशीचे जाळे दिसले तर कितीही स्वस्त असो, परत करा. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला.