गौरव (ख्रिस्ती संकल्पना)

गौरव : ईश्वराच्या सान्निध्याचे माणसाला जाणवणारे रूप, या अर्थाने ख्रिस्ती उपासनेत रूढ असलेली संज्ञा. मराठी पवित्र शास्त्रात याच अर्थाने ‘तेज’, ‘वैभव’ हे शब्दही येतात. एरवी पुल्लिंगी असलेला ‘गौरव’ तेथे ‘देवाचे गौरव’ असा नपुंसकलिंगी योजलेला आढळतो.

मूळ हिब्रू शब्द ‘कावोद’. त्याचा धातू ‘जड असणे’ या अर्थाचा आहे. संस्कृतातला ‘गौरव’ही ‘गुरु’ म्हणजे जड यापासूनच झाला असून आयुर्वेदात तो अंगाच्या जडपणासाठी वापरतात. मराठी शब्द येथे मुळाच्या जितका जवळ जातो तितका ग्रीक जात नाही. जुन्या कराराच्या सप्तती या ग्रीक भाषांतराने (सुरुवात बहुधा इ. स. पू. तिसरे शतक) ‘डोक्सा’ हा शब्द घेतला. अभिजात ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मत किंवा लौकिक असा होता. त्याला तेजाचा अर्थ कसा आला याविषयी मतभेद आहेत. ‘कावोद’चा ‘मान’ हा अर्थ ‘लौकिका’ला जवळचा म्हणून शब्द निवडला गेला आणि मेघ व अग्नीच्या कथांमुळे पुढे त्यात प्रकाश आला, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. ईश्वराच्या सान्निध्यासाठी वापरला जाणारा ‘शेखिना’ हा शब्द मात्र पवित्र शास्त्रात नाही. ‘वस्ती करणे’ या अर्थाच्या धातूपासून तो रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) परंपरेत घडला.

जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या चाळिसाव्या अध्यायात मेघ निवासमंडपावर (उपासनेच्या तंबूवर) उतरतो आणि मोशेलाही आत जाता येत नाही. शलमोनाच्या मंदिरात याजकांना सेवेसाठी उभे राहवत नाही. गौरवाचे वजन माणसाला पेलत नाही, असेच या कथा सांगतात. योहानाच्या शुभवर्तमानात हेच गौरव देहधारी ख्रिस्तात पाहिल्याची साक्ष येते.

ते डोळ्यांना दिसू शकते का, हा वाद चौदाव्या शतकात बायझँटिन साम्राज्यात पेटला. रूपांतराच्या वेळी, म्हणजे डोंगरावर शिष्यांसमोर ख्रिस्ताचे रूप तेजस्वी झाले तेव्हा, त्याच्याभोवती दिसलेला प्रकाश (शुभवर्तमानांत डोंगराचे नाव नाही, ताबोर हे नंतरच्या परंपरेने ठरवले) निर्मित की अनिर्मित, हा प्रश्न होता. ग्रेगरी पालामास (सु. 1296–1359) यांनी ईश्वराचे सत्त्व अगम्य, पण त्याच्या शक्ती अनुभवगम्य, असा भेद केला. सतत येशूच्या नावाची प्रार्थना करणाऱ्या अ‍ॅथोस पर्वतावरील साधूंचा अनुभव त्यामुळे ग्राह्य ठरला. 1341 व 1351 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदांनी त्यांची बाजू उचलून धरली. पश्चिमेकडच्या धर्मशास्त्रात हा भेद सहसा मान्य झाला नाही.

महाराष्ट्रात या अनुभवाची सर्वांत ठळक नोंद पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी चालवलेल्या केडगावच्या मुक्ती सदनाची आहे. वेल्समधील आणि खासी टेकड्यांतील धार्मिक जागृतीच्या बातम्यांनंतर रमाबाईंनी तेथे प्रार्थनेचे गट उभे केले होते. जून 1905 मध्ये एका मुलीला रात्री हा अनुभव आला. तेथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी लिहिले आहे, की शेजारच्या मुलीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. ही शेजारची मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली आणि ओतण्याच्या बेतात असताना काही पेटलेलेच नाही हे तिच्या ध्यानात आले. ही जागृती 1906 च्या लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीट जागृतीच्या आधी सुरू झाली, हे निश्चित. पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचा तो स्वतंत्र उगम मानावा का, यावर अभ्यासकांत एकवाक्यता नाही. अनेक उगम मानणारे मत आता अधिक ग्राह्य वाटते. अब्राम्स यांची पुस्तिका चिलीतील मैत्रिणीपर्यंत पोचली आणि 1909 च्या तेथील जागृतीला तिने चालना दिली. स्वतः रमाबाईंनी अखेरची वर्षे मूळ भाषांतून पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली आणि 1922 मध्ये निधनापूर्वी ते पुरे केले.

रोजच्या जीवनातील अनुभवाविषयी लिखित साधने थोडी आहेत. खाणेपिणे काहीही करा, ते देवाच्या गौरवासाठी करा, हे पौलाचे करिंथकरांस सांगणे त्याचा आधार मानतात. पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स (मृ. 1691) यांनी वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात आणि नंतर चपला दुरुस्त करण्यात घालवली. भांड्यांच्या खडखडाटात, चार माणसे चार गोष्टी मागत असतानाही, वेदीपुढे गुडघे टेकताना मिळते तीच शांती आपल्याला मिळते, असे ते सांगत. त्यांची पत्रे व संभाषणे मृत्यूनंतर संकलित झाली.