ट्रायब्रोमोएथेनॉल
एक ब्रोमीनयुक्त अल्कोहॉल. एथेनॉलातील मिथिल गटाच्या तिन्ही हायड्रोजन अणूंची जागा ब्रोमिनाने घेतली म्हणजे हे संयुग मिळते. पांढरे स्फटिक, वितळबिंदू सु. ८०° से.; पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते. क्लोरल हायड्रेट या झोपेच्या औषधापासून शरीरात तयार होणाऱ्या ट्रायक्लोरोएथेनॉलाचे हे ब्रोमीन-भावंड असून दोन्ही गुंगी आणणारी आहेत.

रिखार्ट व्हिल्श्टेटर व डुइसबर्ग यांनी १९२३ मध्ये यीस्टच्या साहाय्याने ब्रोमलाचे (ट्रायब्रोमोॲसिटाल्डिहाइडाचे) क्षपण (हायड्रोजन जोडण्याची विक्रिया) करून हे मिळविल्याचे वर्णन केले. क्षपणासाठी ॲल्युमिनियम अल्कॉक्साइडेही वापरता येतात. वैद्यकातील प्रवेशाचे वर्ष काही ठिकाणी १९२६, तर काही ठिकाणी १९२७ असे दिले जाते. जर्मनीतील फ्रिट्झ आइखहोल्ट्झ यांच्या कामाशी तो निगडित आहे. तृतीयक अमाइल अल्कोहॉलातील द्रावण ‘ॲव्हर्टिन’ या व्यापारी नावाने भुलीसाठी गुदमार्गे देत, आणि रुग्ण आपल्या खाटेवरच झोपी जाई. यकृतावरील दुष्परिणाम आणि शिरेतून देता येणारी बार्बिट्युरेटे (गुंगी आणणाऱ्या औषधांचा एक गट) यांमुळे हा वापर मागे पडला. शरीरात ग्लुकुरॉनिक अम्लाशी संयोग होऊन ते मूत्रावाटे बाहेर पडते.

प्रयोगशाळेत मात्र ते टिकले, विशेषतः जनुकांतरित उंदीर तयार करताना कराव्या लागणाऱ्या भ्रूणरोपणासारख्या छोट्या शस्त्रक्रियांसाठी. विरल द्रावण पर्युदर गुहेत (पोटाच्या पोकळीत) टोचल्यावर एक-दोन मिनिटांत गुंगी येते आणि शस्त्रक्रियेपुरती भूल साधारण पाव तास राहते. अनेक देशांत ते नियंत्रित औषधांच्या यादीत नाही, हेही त्याच्या लोकप्रियतेचे कारण असावे.

वाद आहे तो सुरक्षिततेचा. प्रकाश व उष्णतेने द्रावणाचे अपघटन होऊन डायब्रोमोॲसिटाल्डिहाइड व हायड्रोब्रोमिक अम्ल बनते. उंदरांमधील पर्युदरशोथ (उदरपोकळीच्या अस्तराचा दाह), आतड्यांची हालचाल थांबणे आणि काही दिवसांनी ओढवणारे मृत्यू यांचा दोष पूर्वापार त्यालाच दिला जातो. म्हणून द्रावण अंधारात, सु. ४° से. तापमानाला ठेवतात, काँगो रेड दर्शकाने अम्लता तपासण्याची जुनी पद्धतही आहे. विरल, ताज्या द्रावणाने त्रास फारसा होत नाही, असा १९९३ मधील एका अभ्यासाचा निष्कर्ष होता. १९९८ मध्ये मात्र ताज्या द्रावणानेही उदरपोकळीत दाह झाल्याची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. तेव्हा सगळा दोष साठवणुकीवर टाकणे अवघड दिसते. द्रावणाची तीव्रता आणि संयुगाचा स्वतःचा दाहक गुण यांना अधिक वजन द्यावे लागेल. त्याच प्राण्याला दुसऱ्यांदा देणे धोक्याचे, याविषयी सहसा मतभेद नसतो.

औषधी दर्जाचे तयार उत्पादन बाजारात नसल्याने प्रयोगशाळा स्वतःच द्रावण बनवितात. त्यामुळे प्राणी-नीतिसमित्या वापराचे समर्थन मागतात, आणि पुष्कळ संस्था त्याऐवजी श्वासावाटे देण्याचे भूलद्रव्य आयसोफ्लुरेन सुचवितात.